लॅकर लावूनही चांदी पुन्हा काळी पडते तेव्हा

जुनी गुलाबदाणी उजळवली, लॅकर (चांदीला हवेपासून जपणारा पारदर्शक थर) मारलं, कपाटात ठेवली. दीड-दोन वर्षांत तोंडाच्या काठावर काळी रेघ आली. लॅकर काढून पुन्हा उजळवली, पुन्हा मारलं. पुढचा पावसाळा सरला आणि तीच रेघ त्याच जागी हजर. वाड्यांतले खासगी संग्रह, देवस्थानांची भांडारं, गावोगावची छोटी संग्रहालयं, सगळीकडे तक्रार हीच असते, आणि उपायही बहुतेक ठिकाणी एकच होतो: आणखी एक हात लॅकर. त्याने काम होत नाही. उलट दर फेरीत चांदीचा पापुद्रा जातो. उठावाच्या पानांवरच्या शिरा, कोरलेलं नाव, सोनाराचा ठसा हे सगळं घासण्यातच पुसट होतं आणि ते परत आणता येत नाही.

म्हणून काळं दिसलं की आधी कापूस हातात घेऊ नका, भिंग घ्या. सोनाराचं दहापट भिंग आणि बाजूने तिरपा पाडलेला दिवा एवढं पुरतं. काळं कुठे आहे आणि कोणत्या आकाराचं आहे, यावरून चूक कुठे झाली ते बहुतेक वेळा नक्की कळतं. जागेवरच फोटो काढून ठेवा, कारण एकदा घासलं की पुरावा गेला.

काळं म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. हवेतला हायड्रोजन सल्फाइड, ओलावा आणि ऑक्सिजन एकत्र आले की ते बनतं, आणि त्याला वायूचा अब्जात एखाद-दुसरा भाग पुरतो. थर अगदी पातळ असताना चांदी पिवळसर दिसते, मग तपकिरी, निळसर आणि शेवटी काळी. लॅकर हा वायू हळू करतं, पूर्ण अडवत नाही. जिथे थर पातळ, तिथून सुरुवात होते.

काठावर आणि नक्षीच्या टोकांवर रेघ

ही सर्वांत जास्त दिसणारी तऱ्हा. ओलं लॅकर धारेवर टिकत नाही. पृष्ठताणामुळे ते धारेपासून मागे सरकतं आणि सपाट भागात जमतं. वाळल्यावर अंगावर थर भरपूर आणि कडेवर जवळजवळ काहीच नाही, अशी स्थिती होते. त्यात वस्तू उचलताना हात नेमका काठालाच लागतो, म्हणजे होता तोही थर झिजतो. आणखी तीन हात मारले तरी तिन्ही हात तसेच मागे सरकतात.

उपाय एकच: कड आधी, अंग नंतर. तोंडाचा काठ, बैठकीची कड, झाकणाची ओठाळी, उठावाची टोकं यांवर १५ टक्क्यांचं (१०० मिलिलीटरला १५ ग्रॅम रेझिन, म्हणजे लॅकरचा मूळ घटक; कृती पुढे आहे) थोडं घट्ट द्रावण बारीक मऊ ब्रशने एकाच ओढीत लावा. मागे फिरून ब्रश लावायचा नाही, नाहीतर अर्धवट वाळलेला थर ओढला जातो. तासभर वाळू द्या आणि मगच सगळ्या अंगावर फवारा. काठ आतून आणि बाहेरून, दोन्ही बाजूंनी फवारला गेला पाहिजे.

टाचणीच्या टोकाएवढे ठिपके

भिंगातून असा ठिपका नीट पाहा. मध्ये काळा बिंदू, भोवती तपकिरी वर्तुळ, त्याबाहेर गवती पिवळी झाक. मध्यभागी लॅकरला छिद्र आहे आणि तिथून आत गेलेली विक्रिया थराखालून चहूकडे पसरते आहे. आता बिंदूच्या मध्यावर काय दिसतं ते बघा. बारीक तंतू असेल तर तो कापसाचा किंवा हवेतल्या धुळीचा. पांढरा कण असेल तर पॉलिशची खडूपूड धुतली गेली नव्हती. काहीच नसेल आणि बिंदू खोलगट असेल तर ओतकामातलं मूळचं छिद्र आहे, त्यात अडकलेली हवा लॅकर वाळताना बुडबुडा होऊन फुटली. ठिपके डाखाच्या सांध्यावर ओळीने असतील, तर सांध्यात धुण्याचं पाणी राहिलं होतं.

ओतकामातली छिद्रं असतील तर पहिला हात पातळ, ५ टक्क्यांचा घ्या. तो छिद्रात उतरतो. सांधे असतील तर शेवटच्या धुण्यानंतर वस्तू किमान रात्रभर बंद, कोरड्या डब्यात ठेवा आणि लॅकर मारण्याआधी अॅसिटोनने पुन्हा एकदा पुसा. धुळीवर उपाय म्हणजे खोली. फवारण्याआधी पंखा अर्धा तास बंद ठेवा, फरशी ओल्या फडक्याने पुसा आणि अंगात लोकरीचं काही नको.

सगळीकडे सारखा पिवळेपणा

दोन वेगळ्या गोष्टी इथे एकसारख्या दिसतात: लॅकर म्हातारं होऊन पिवळं झालं, किंवा लॅकर ठीक आहे पण खाली चांदी पिवळी झाली. बैठकीच्या खालच्या बाजूला ५ मिलिमीटरचा भाग अॅसिटोनच्या बोळ्याने पुसा. बोळा पिवळा आला आणि खाली चांदी पांढरी निघाली, तर लॅकर जुनं झालंय. सेल्युलोज नायट्रेटचं लॅकर (बाजारातलं ‘एनसी’ लॅकर) वयानुसार पिवळं पडतं आणि त्यातून आम्लधर्मी नायट्रोजन ऑक्साइड सुटतात, त्यामुळे ते काढलंच पाहिजे. बोळा बिनरंगी आला आणि खाली चांदी पिवळीच राहिली, तर थर पातळ होता किंवा कपाटात गंधक सोडणारं काहीतरी आहे. कपाटात असं काही असेल तर लॅकर बदलून भागत नाही, कपाट तपासावं लागतं.

बोटांचे ठसे

लॅकरच्या आत ठसा उमटला असेल तर तो पॉलिशनंतर आणि लॅकरआधी लागलेला आहे. घामातलं मीठ चांदीला खातं, म्हणून रेषा कधीकधी घासूनही पूर्ण जात नाहीत. अॅसिटोनने शेवटचं पुसल्यानंतर उघडा हात लावायचाच नाही. नायट्रिल हातमोजे घाला. लॅटेक्सचे नकोत, त्या रबरात गंधक असतं.

इंद्रधनुष्याचे रंग

गुलाबी-हिरव्या लहरी तेलाच्या तवंगासारख्या दिसत असतील तर थर साधारण एक मायक्रॉनच्या आत राहिला आहे. प्रकाश थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतताना हे रंग होतात. थर अजून पारदर्शक आणि खालची चांदी पांढरी असेल, तर आणखी दोन हात देऊन रंग जातात. लॅकर काढायची गरज पडत नाही.

पावसाळ्यातलं पांढरं धुकं

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर लॅकर मारलं की वस्तू दुधाळ दिसते. लॅकरात द्रावक म्हणून घातलेलं अॅसिटोन झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभाग गार करतं. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तेव्हा दवबिंदू सुमारे २७ अंशांवर असतो, म्हणजे पृष्ठभाग जेमतेम तीन अंश थंड झाला की त्यावर दव धरतं. ते दव ओल्या लॅकरात शिरतं आणि थर सच्छिद्र होतो. हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. असा थर गंधकाला मोकळी वाट देतो, म्हणून धुकं वरून पुसलं गेल्यासारखं वाटलं तरी तो थर ठेवू नका.

आर्द्रता ५५ टक्क्यांखाली आणा, एसी किंवा डीह्युमिडिफायर लावून. त्याच ३० अंशांत आर्द्रता ५० टक्के असली तर दवबिंदू १८ अंशांच्या आसपास जातो आणि भरपूर वाव मिळतो. अॅसिटोन फवारणीतून पूर्ण काढा आणि हळू उडणारं द्रावक घ्या. वस्तू पोकळ नसेल, आत लाख भरलेली नसेल, तर फवारण्याआधी ड्रायरने ३५ अंशांपर्यंत कोमट करा. हे काहीच जमणार नसेल तर पावसाळ्यात काम करू नका. वस्तू घट्ट पिशवीत ठेवा आणि नोव्हेंबरची वाट पाहा.

कोरड्या हवेतही पृष्ठ संत्र्याच्या सालीसारखं खरखरीत आलं, तर थेंब हवेतच वाळताहेत: अंतर कमी करा किंवा द्रावक आणखी हळू उडणारं घ्या. बशीसारखे गोल खळगे पडले तर कॉम्प्रेसरच्या हवेतून तेल येतंय.

उन्हाळ्यातला चिकटपणा

पॅरालॉइड बी-७२ हे संवर्धनातलं सगळ्यांच्या ओळखीचं रेझिन, पण ते सुमारे ४० अंशांवर मऊ व्हायला लागतं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बंद खोलीचं तापमान तिथे सहज पोचतं. थर चिकट होतो, धूळ धरतो, आणि वस्तू ज्या कागदात गुंडाळली त्याची वीण थरावर उमटते. तिथे पॅरालॉइड बी-४८एन घ्या. ते ५० अंशांच्या आसपास मऊ होतं आणि धातूवर पकडही चांगली धरतं. या एका कारणासाठी, विदर्भ-मराठवाड्यातल्या संग्रहांत बी-७२ वापरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

कुठे लॅकर लावूच नये

पूजेतल्या वस्तूंना नाही. दूध, दही, तेल, कुंकू आणि रोजचं पुसणं यांपुढे थर टिकत नाही, तो तुकड्या-तुकड्यांनी निघतो आणि चांदी चट्ट्यांनी काळी होते. निरांजन, पंचारती, समई आणि कापूर जळतो ते कोणतंही पात्र यांना तर अजिबात नको: सेल्युलोज नायट्रेट भडकन पेट घेतं.

मुद्दाम काळं केलेलं काम घासूही नका. बिदरी कामात काळी जमीन जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि त्यावर चांदी जडवलेली. तिथे चांदी उजळवताना काळी जमीन गेली तर वस्तूच गेली. सोन्याचा मुलामा आणि मीना यांचंही तसंच. देवांचे मुखवटे, छडी, चवरीची मूठ यांत आतून लाख किंवा राळ भरलेली असू शकते. ती अल्कोहोलमध्ये विरघळते आणि उष्णतेने पातळ होते. वजन हाताला अपेक्षेपेक्षा जास्त लागलं, वाजवल्यावर नाद न येता बद्द आवाज आला, तर आत भरण आहे असं समजा आणि वस्तू बुडवू नका. अशा वस्तू मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रासारख्या ठिकाणी दाखवाव्यात. लखनौलाही केंद्र सरकारची याच कामाची प्रयोगशाळा आहे.

सुरुवातीपासून नीट करायचं तर

जुनं लॅकर पूर्ण काढा, नुसता डाग असलेला भाग नाही. नव्या लॅकरचं द्रावक जुन्या थराची कड उचलतं, तिथे सुरकुती येते आणि पुढचा काळा पट्टा त्या सुरकुतीवर बसतो. अॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस वस्तूवर ठेवून वरून पॉलिथिन गुंडाळा, दहा मिनिटांनी पुसून घ्या. बोळा बिनरंगी आणि बिनचिकट येईपर्यंत करा. खिडक्या उघड्या, आसपास ज्योत नाही, स्विचची ठिणगीसुद्धा नाही. सेंद्रिय वाफांच्या काडतुसाचा मास्क लावा. कापडी किंवा कागदी मास्कचा इथे काही उपयोग नाही.

उजळवण्यासाठी प्रेसिपिटेटेड चॉक, म्हणजे रसायनांच्या दुकानात मिळणारा बारीक कॅल्शियम कार्बोनेट घ्या. ३० ग्रॅम पुडीत ५० मिलिलीटर डिस्टिल्ड वॉटर, ५० मिलिलीटर इथेनॉल आणि सौम्य नॉन-आयॉनिक साबणाचे दोन थेंब. लाख भरलेल्या वस्तूसाठी इथेनॉल वगळा. कापसाच्या बोळ्याने, वस्तूवर आधीच असलेल्या पॉलिशच्या दिशेने फिरवा. बोळा काळा झाला की टाका, कारण काळा बोळा काढलेला सल्फाइड पुन्हा ओढत नेतो. रांगोळी, राख, टूथपेस्ट नकोत. रांगोळी ही दगडाची पूड, तिचे कण एकसारखे नसतात आणि ओरखडे हमखास पडतात. बुडवून झटक्यात चमकवणारं ‘डिप’ही नको. त्यातलं आम्ल आणि थायोयुरिया काळं विरघळवतं खरं, पण पृष्ठ खडबडीत करतं आणि भेगांत उरलेला थायोयुरिया पुढे स्वतःच चांदी काळी करतो. लॅकरखाली काही आठवड्यांत उमटलेले ढगाळ डाग पाहिले की आधी हीच शंका घ्यावी. अॅल्युमिनियमची फॉइल आणि सोडा ही घरगुती युक्ती डाखाच्या सांध्यांत क्षार सोडून जाते आणि नक्षीतली हवी असलेली काळी छटाही पुसून टाकते.

खडू धुवा, मऊ ब्रशने खाचांतून काढा, शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने. आता पाण्याची परीक्षा करा: पाणी अखंड पसरलं तर पृष्ठ स्वच्छ आहे, थेंब बांधले तर तेलकटपणा शिल्लक आहे. तो अॅसिटोनने घालवा. पॉलिश आणि लॅकर यांत रात्र जाऊ देऊ नका. अपवाद फक्त सांधे असलेल्या वस्तूंचा, आणि त्याही रात्रभर बंद, कोरड्या डब्यात ठेवा.

लॅकरसाठी १०० मिलिलीटर द्रावणात १० ग्रॅम पॅरालॉइड. द्रावक टोल्युइन ७० भाग आणि झायलिन ३० भाग. रेझिनचे दाणे बाटलीत थेट टाकले की तळाशी गोळा होऊन बसतात. ते मलमलच्या पुरचुंडीत बांधून द्रावकात वरच्या वर टांगा, रात्रीत विरघळतात. नंतर दाट विणीच्या कापडातून गाळा. हार्डवेअरच्या दुकानातलं थिनर वापरू नका, त्यात काय आहे ते डब्यावर लिहिलेलं नसतं. फर्निचरचं एनसी लॅकरही नको. आणि गाडीच्या टाकीवर मारतात तो दोन भागांचा क्लिअर कोट तर कधीच नाही. तो वाळताना रासायनिक जाळं बांधतो, मग अॅसिटोनला दाद देत नाही, आणि पुढे काढायचा तर घासूनच काढावा लागतो.

फवारणीला ०.८ मिलिमीटर नोझल, सुमारे २ बार दाब, १५ ते २० सेंटिमीटर अंतर. गन वस्तूबाहेर सुरू करा आणि वस्तूबाहेरच बंद करा. पहिला हात उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा, प्रत्येकामध्ये किमान तासभर. कॉम्प्रेसरला पाणी आणि तेल अडवणारा ट्रॅप हवाच. मग आठवडाभर धूळ न लागता उघड्यावर ठेवा. लगेच पिशवीत घातली तर अडकलेलं द्रावक थर मऊच ठेवतं.

थर किती बसला हे नुसतं पाहून कळत नाही, आणि माप न घेणं हेच वारंवार फसण्याचं खरं कारण आहे. साधी युक्ती: मायक्रोस्कोपची ७५ बाय २५ मिलिमीटरची काचपट्टी मिलिग्रॅम दाखवणाऱ्या सराफी काट्यावर तोला आणि वस्तूशेजारी ठेवून तिच्या एका बाजूवर तेवढेच हात मारा. आठवड्याने पुन्हा तोला. या रेझिनची घनता सुमारे १.१५ धरली तर १० मायक्रॉन थराला २२ मिलिग्रॅम, १५ मायक्रॉनला ३२ मिलिग्रॅम वजन वाढतं. या दोहोंच्या मध्ये राहा. १५ मिलिग्रॅमच आले तर आणखी एक हात. ४० च्या वर गेले तर चांदी प्लॅस्टिकसारखी दिसायला लागते.

छिद्रं शोधायला चांदीच्या पत्र्याचा छोटा तुकडा तसाच लॅकर करून, कडा आणि पाठही झाकून, उकडलेल्या अंड्याच्या कुस्करलेल्या बलकासह बंद बरणीत दिवसभर ठेवा. जिथे छिद्र, तिथे ठिपका उठतो. हे फक्त तुकड्यावर करायचं, वस्तूवर कधीच नाही.

सेल्युलोज नायट्रेट निवडायचं का? ते पॅरालॉइडपेक्षा सुंदर पसरतं आणि चांदीवर जवळजवळ दिसत नाही. अमेरिकेतल्या डेलावेअरच्या विंटरथर संग्रहालयात अगाटीन २७ हे याच जातीचं लॅकर वापरलं गेलं आहे. पण ज्वलनशील आहे, पिवळं पडतं, आणि ठरावीक वर्षांनी काढण्याची जबाबदारी घेणारं कोणी असेल तरच घ्यावं. मायक्रोक्रिस्टलाइन मेण मात्र चांदीवर जुजबी आहे. काही महिन्यांच्या प्रदर्शनासाठी ठीक, कायमच्या संरक्षणासाठी नाही.

बाल्टिमोरच्या वॉल्टर्स कलासंग्रहालयाने मेरीलँड विद्यापीठासोबत याहून कितीतरी पातळ थराचा अभ्यास केला आहे. अणुस्तर निक्षेपण या पद्धतीत निर्वात पात्रात अॅल्युमिनियमचं वायुरूप संयुग आणि पाण्याची वाफ आळीपाळीने सोडतात. दर फेरीत सुमारे ०.१ नॅनोमीटर अॅल्युमिनियम ऑक्साइड बसतो आणि काही डझन नॅनोमीटरपर्यंत थर वाढवतात. वायू खाचाखोचांत आणि धारेवर सारखाच पोचतो, त्यामुळे काठाच्या रेघेचं मूळच निघून जातं. पण धुळीचा कण इथेही छिद्र सोडतो, जाडीनुसार रंगाची झाक येते, आणि वस्तू तापवावी लागते. म्हणजे लाख भरलेल्या मुखवट्यासाठी हा मार्ग बंदच.

कपाट

थर नीट बसूनही वर्षात पिवळेपणा आला तर कपाटातलं लाल मखमल, लोकरी फेल्ट, रबरी बुच आणि रबरी पट्टी आधी बाहेर काढा. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं असेल तर तेही. एखाद्या कापडाबद्दल शंका असेल तर त्याचे २ ग्रॅम, घासलेला चांदीचा तुकडा आणि थेंबभर पाणी बंद काचेत ६० अंशांवर २८ दिवस ठेवा. तुकडा काळवंडला तर कापड टाका. आर्द्रता ५० टक्क्यांखाली, सिलिका जेल दर महिन्याला तपासून, सोबत अॅक्टिव्हेटेड कार्बनची पुडी. पिशवी पॉलिथिनची, पीव्हीसीची नाही.

प्रत्येक वस्तूसोबत कार्ड ठेवा: रेझिन कोणतं, किती टक्के, द्रावक, तारीख, त्या दिवशीची आर्द्रता, काचपट्टीचं आधीचं आणि नंतरचं वजन. त्याच दिवशी लॅकर केलेला चांदीचा एक तुकडा आणि एक उघडा तुकडा त्याच फळीवर वस्तूशेजारी राहू द्या, आणि दर सहा महिन्यांनी आधी ते दोन तुकडे बघा. उघडा काळा आणि लॅकरचा पांढरा असेल तर वस्तूला हात लावू नका. दोन्ही काळे असतील तर कपाट तपासा. लॅकरच्या तुकड्यावर ठिपके दिसले, तरच भिंग घेऊन वस्तूकडे वळा.